बैल वळेल एवढी जागा

ठकूआत्या,

बसवत नाही गं. बारामतीच्या खोलीत बसले तर वाटतं गावाकडं जावं, आणि गावाकडं आले तर तुझ्या दाराचं कुलूप बघून वाटतं, मिळेल ती एसटी धरावी आणि परत फिरावं. टेलिफोन ऑफिसात बोर्डावर असते तेवढा वेळ बरा जातो. पलीकडून कुणीतरी हॅलो हॅलो करत असतं आणि मला त्याला कुणाशी तरी जोडून द्यायचं असतं. ड्यूटी संपली की हात रिकामे होतात. मग आठवतं, आपलं भांडण अर्ध्यावर राहिलं आहे आणि तू उठून गेलीस. भांडणातून उठून जायची तुझी रीत नव्हती. तू समोरच्याला उठवायचीस.

लोक मला समजावतात. म्हणतात, शेवटचं बोलणं भांडणाचं झालं म्हणून मनाला लावून घेऊ नको. मी कशाला लावून घेऊ? आपण दुसरं काही बोललो होतो कधी? मी पूर्व म्हटलं की तू पश्चिम म्हणायचीस. चहा गोड झाला म्हटलं की आणखी एक चमचा साखर टाकायचीस. आई गेल्यावर तू मला वाढवलंस ते असंच. जवळ घेऊन कुरवाळलेलं मला काही आठवत नाही. पण मॅट्रिकच्या परीक्षेला निघाले तेव्हा निरवांगीच्या फाट्यापर्यंत तू मागं मागं चालत आलीस आणि एसटीच्या खिडकीतून म्हणालीस, "सुमे, नापास झालीस तर तुझं खुरपं धार लावून ठिवलंय." सगळी गाडी हसली. मी रागानं पेपर लिहिला आणि पास झाले. नोकरी लागल्यावर तू माझं नावच बदललंस. मी दारात दिसले की मिसरीचं बोट तोंडातून काढून म्हणायचीस, "आलं का आमचं टेलिफोन!"

आता जमिनीचं बोलू. तुला सगळं ठाऊक आहे, तरी मला एकदा पहिल्यापासून मांडू दे. तू मध्ये तोंड घालणार नाहीस अशी ही पहिलीच वेळ आहे.

कालवा आणि नदीच्या मधली ती जमीन आपल्या भावकीच्या वतनाची. गावाची चाकरी करायची, सांगावे न्यायचे, सरकारी माणसाच्या घोड्यापुढं पळायचं, मेलेली ढोरं ओढायची, आणि त्याच्या बदल्यात ती कसायची. छप्पन साली बाबासाहेबांच्या मागून आपल्या लोकांनी देव सोडले आणि ही चाकरीही सोडली. पुढं वतनं गेली, जमीन आपल्या नावावर झाली, आणि मग दुष्काळात ती खंडानं दुसऱ्यांना कसायला दिली. ती दिली ती दिलीच. खंडही थांबला आणि जमीनही परत येईना. गावात मात्र तिचं नाव 'महारकी' असंच राहिलं. पीक त्यांचं आणि नाव आपलं! माझे वडील कचेरीच्या पायऱ्या झिजवता झिजवता गेले. त्यांच्यामागं अशोकनं, माझ्या चुलतभावानं, फॅक्टरीतून खाडे करून तारखा केल्या. आणि तू. तू काही केलं नाहीस असं लोक म्हणतील. तू फक्त प्रत्येक तारखेला पदराला भाकरी बांधून अशोकबरोबर बारामतीला यायचीस आणि कचेरीच्या आवारात लिंबाखाली बसायचीस. "बसून काय करतेस?" मी चिडून विचारलं होतं. "मी दिसत्ये त्यास्नी," तू म्हणालीस. "दिसनाऱ्या मानसाचा कागुद हरवत न्हाय."

निकाल आपल्या बाजूनं लागला. ताब्याच्या दिवशी सर्कल आणि तलाठी आले, हद्दी दाखवल्या, सह्या-अंगठे झाले. भावकीत सगळ्यात थोरले दामूतात्या. त्यांनी बांधावरच चपला काढल्या.

"घाला की तात्या, काटं हायती," अशोक म्हणाला.

"आसूंदी. माजंच हायती काटं," तात्या म्हणाले.

त्या दिवशी मी खूप रडले, आत्या, आणि तू मला चिमटा काढलास.

पण आपल्या लोकांना सुख पचत नाही. साहेबांची जीप वळली नाही तोवर आठ घरांनी आठ ठिकाणी बाभळीच्या काट्या ओढायला सुरुवात केली. सरकारी वाटणी व्हायची तेव्हा होईल, आपापलं आधी धरून ठेवायचं! आणि धरलं कसं? प्रत्येकाला कालव्याचं पाणी हवं आणि प्रत्येकाला नदीकडची काळी मातीही हवी. आडवे तुकडे पाडले असते तर निम्म्यांना पाणी मिळालं नसतं, म्हणून सगळ्यांनी शेत उभंच्या उभं कापलं. कालव्यापासून नदीपर्यंत लांबच लांब आठ पट्ट्या, साडीच्या काठासारख्या. माझ्या वडिलांची पट्टी अगदी कडेची. तिथं काटी ओढायला कुणी पुरुष नव्हता, म्हणून ती मी ओढली. हात सोलून निघाले, पण फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग पेरणी आली आणि कळलं की पट्टीत बैल वळत नाहीत. टोकाला गेलं की औत उचलायचं कुठं? बैल वळायचे ते शेजारच्या ज्वारीतून. याचे त्याच्या रानात गेले, त्याचे याच्या. महिनाभर भावकीत शिव्यांचं पीक चांगलं आलं. जन्मभर ज्यांनी एका ताटात खाल्लं ते एकमेकांच्या बैलांना दगड मारायला लागले. शेवटी अशोकनं गावातल्या बाबूभाई मुलाण्याचा ट्रॅक्टर सांगितला. बाबूभाई आला, खाली उतरला, कमरेवर हात ठेवून त्या पट्ट्यांकडं बघत राहिला. मग तुला म्हणाला, "आत्या, हितं टॅक्टर न्हाय चालायचा. हितं सायकल आना."

तू हसलीस ते खोकला येईपर्यंत हसलीस. आणि तिथंच, बांधावर बसल्या बसल्या, ते बोललीस. "काट्या काढा. पाळी लावा."

पाळी म्हणजे येसकरपाळी. जुन्या काळी गावची चाकरी घराघरानं वर्ष वाटून घेतलेली असायची. ज्याची पाळी त्यानं वर्षभर काठी घ्यायची, चावडीपुढं बसायचं, आणि सगळी वतनी जमीनही त्या वर्षी त्याच्याच हाती असायची. इतर घरांनी हात लावायचा, रास झाली की खळ्यावर सगळ्यांना पायली-दोन पायली मिळायची. पुढच्या साली पाळी पुढच्या घराला. म्हणूनच तर पिढ्यान्पिढ्या त्या शेतात एकही बांध पडला नव्हता.

अशोकचं तोंड काळंठिक्कर पडलं. तो तुझ्यावर कधी ओरडलेला मी पाहिला नव्हता. त्या दिवशी ओरडला. "त्यो शबुद काढू नगंस आत्या! पाळी म्हनं! आज्यानं पाळीच्या वर्साला ढोरं वढली, पोरं पोस्टमन करून पळवली. ते परत आनायचं व्हय? कशापाई लढलो मग आमी?"

तू शांत होतीस. म्हणालीस, "ढोरं वढली ती गावाची, आशोक. पाळी आपली हुती. ती गावानं न्हाय दिली आपल्याला. गावानं दिली चाकरी. ती वाटून कशी घ्यायाची हे आपल्याच मानसांनी ठरवलं, म्हनून कुनी उपाशी न्हाय मेलं. चाकरी टाकली, बरं केलं. पाळी का टाकता?"

आणि मग तू ती गोष्ट सांगितलीस. दामूतात्यांनी मान हलवून साक्ष दिली, म्हणून ती कुणाला खोडता आली नाही. पाळी घरांच्या क्रमानं जायची, पण ज्या घरात त्या साली मयत होईल त्या घराला क्रम मोडून पुढची पाळी द्यायची. घरातलं माणूस गेलं की त्या घराला खायला लागतं आणि हाताला काम लागतं, म्हणून. "ह्ये काय बामनानं शिकवलं हुतं का पाटलानं?" तू विचारलंस. अशोक गप्प बसला. पण पटलं म्हणून गप्प बसला नव्हता.

मीही पटलं म्हणून गप्प बसले नव्हते. मी घरी येईपर्यंत दम धरला, बस्स. तुझ्या चुलीपुढं बसून मी विचारलं, "पाळी घराची ना? मग घर कुणाचं? आमच्या घरात आता मी एकटी. बाई. तुम्ही पाळी लावली की आठाची सात घरं होणार. माझ्या बापानं जन्म घालवला, आणि त्याचं घर मोजणीतच नाही. वाटणी झाली तर निदान सातबाऱ्यावर माझं नाव लागेल. आता लेकींना हक्क देणारा कायदा आहे, आत्या. मला माझी पट्टी पाहिजे."

"पट्टी घिऊन काय करशील? बारामतीत बसून टेलिफोनवर पेरशील?"

"काहीही करीन. पडीक ठेवीन. पण माझी असेल."

"पडीक ठिवशील, आन मग येक दिस कुनीतरी खंडानं मागंल. झालं. परत लिंबाखाली मी."

"आणि तुझं काय?" मी विचारलं. "लोणी भापकरला दिलं होतं तुला, नवरा गेल्यावर परत आलीस, भावकीच्या कडेला झोपडं घातलंस. सगळ्यांच्या रानात खुरपत आलीस. या पाळीत तुझं घर कुठलं?"

तू भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "मी कुठं घर हाय? मी परत आल्याली लेक."

आत्या, मला तुझा जन्मात एवढा राग आला नव्हता. तुला स्वतःचं काही मागता येत नाही, हा मोठेपणा नाही, ही खोड आहे, असं मी म्हणाले. आजही म्हणते. सगळ्यांची जमीन एक ठेवायला निघालेली बाई, आणि त्या एकात स्वतःला धरत नाही! तू मला लोभी म्हणालीस. मी तुला जुनाट म्हणाले. मी निघाले तेव्हा तू माझ्या पिशवीत शेंगांची चटणी कोंबत होतीस आणि तोंडानं मला नावं ठेवत होतीस. दोन्ही एकाच वेळी करायला तुलाच जमायचं.

त्यानंतर फाट्यावर एसटीडीचा बूथ झाला आणि तू मला हैराण केलंस. तुझा फोनवर विश्वास नव्हता. तुला वाटायचं बारामती लांब आहे म्हणजे ओरडायलाच हवं. सगळं ऑफिस ऐकायचं. "सुमे! त्वा परवा म्हनलीस ते चूक हाय!" एवढं म्हणून तू फोन ठेवायचीस. काय चूक, कसं चूक, काही नाही. माझ्या शेजारची बाई विचारायची, "आईचा फोन?" मी म्हणायचे, "नाही, विरोधी पक्षाचा." आता बोर्डावर त्या बाजूचा दिवा लागला की माझा हात आधीच राग धरून पुढं जातो. पलीकडं भलतंच कुणी असतं.

शेवटच्या दिवसांतही तुझं तेच. छाती भरून आलेली, बोलताना धाप लागते, आणि म्हणे, "पावसाळा सरत आला. रबीच्या आत ठरवा." मी म्हणाले, आधी बरी हो. तू म्हणालीस, "मी बरी न्हाय व्हायची. तू शानी हो." मी म्हणाले, "शहाणी होणार नाही, मला पट्टीच हवी." तू तोंड फिरवून भिंतीकडं केलंस. मी तुझ्या पायावर गोधडी टाकली आणि ड्यूटीला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला तो मीच उचलला. पलीकडं अशोक होता. त्याला बोलता येईना आणि मला सवयीनं तोंडातून निघालं, "बोला, लवकर बोला." तो रडायला लागला. मी ओळखलं.

तुझा विधी समाजमंदिरात झाला. त्रिशरण-पंचशील झालं, खीर वाटली. बाबूभाईही आला होता, मागं भिंतीला टेकून उभा राहिला. लोक पांगायच्या आत दामूतात्या म्हणाले, "बसा जरा. ठकीचं येक काम ऱ्हायलंय. रबी तोंडावर आली. वाटनी का पाळी, आजच बोला."

वाटणी म्हणणारे जास्त होते. अशोक उभा राहिला आणि नीट बोलला. म्हणाला, आत्याला मान आहे, पण प्रत्येकाला आपला सातबारा हवा, पोरांना पुढं कर्ज काढायला, विहीर पाडायला तोच लागतो. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्या बाजूची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. मी उठले ती 'वाटणी' म्हणायलाच उठले.

आणि मला समोर तुझा फोटो दिसला. फोटो कसला, अशोकच्या लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केलेला तुझा तुकडा. खांद्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हात तसाच राहिलेला. माणसाचीही पट्टी पाडतात हे लोक, असं मनात आलं, आणि डोकं फिरलं.

मी म्हणाले, "पाळी."

अशोकनं कपाळाला हात लावला.

"पण घरानं नाही," मी म्हणाले. "चुलीनं. भावकीत जेवढ्या चुली पेटतात, तेवढ्या पाळ्या. मग ती चूल विधवेची असो, परत आलेल्या लेकीची असो, नाहीतर माझ्यासारखीची. आणि पाळी कुणाचीही असो, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं लागतील, लेकींचीसुद्धा. हे मान्य असेल तर मी माझी काटी आज काढते. नसेल तर मी कोर्टात जाऊन पट्टी घेईन. मला तारखा करायची सवय आहे, घरातच शिकले."

गलका झाला. एकजण चहाचा कप खाली आपटून निघूनच गेला. तो अजून माझ्याशी बोलत नाही. अशोक मात्र मिश्कील हसला. "तुजी चूल तर बारामतीला हाय, सुमे. ग्यासवर!"

सगळे हसले. मीही हसले, काय करणार. मग म्हणाले, "आत्याची चूल आहे की. ती मी पेटवीन."

बोलून गेले, आत्या. विचार केला नव्हता. तू असतीस तर म्हणाली असतीस, तोंड आधी आणि डोकं मागनं.

दामूतात्या बराच वेळ काठीनं फरशीवर रेघ मारत राहिले. मग म्हणाले, "सालभर करून बगू. जमलं न्हाय तर म्होरल्या साली वाटनी. आता पैली पाळी कुनाची?" पहिली पाळी सगळ्यांनाच हवी होती आणि कुणालाच मागवत नव्हती. तात्यांनीच विचारलं, "औंदा मयत कुनाच्या चुलीला झालं?"

मागच्या भिंतीपाशी बाबूभाईनं नाक शिंकरलं. अशोक खाली बघत म्हणाला, "आत्याच्या."

"मंग सपलं की," तात्या म्हणाले.

आपल्याला घर नाही म्हणणारी तू, आणि कुणाच्या बापजाद्यांना मिळालं नसेल ते तुझ्या झोपड्याला मिळालं. सगळं शेत, कालव्यापासून नदीपर्यंत, एक साल. तेही तूच सांगितलेल्या रिवाजानं. जिवंतपणी पाळी मागितली असतीस तर बघता आली असती तुला, हे मी म्हणणारच. माझा राग गेलेला नाही. पण त्या दिवशी समाजमंदिराच्या पायरीवर बसून मी तुझं नाव घेऊन रडले, तेव्हा चिमटा काढायला कुणी नव्हतं.

काल काट्या काढल्या. अशोकनं स्वतःची सगळ्यात आधी काढली, तोंड वाकडं करून का होईना. बाबूभाईनं ट्रॅक्टर घातला. तो कालव्याच्या कडेनं सरळ नदीपर्यंत गेला, टोकाला एका दमात वळला आणि परत आला. कुणाची ज्वारी मोडली नाही, कुणी कुणाला शिवी दिली नाही. मला वाटलं होतं फार समाधान वाटेल. तसं काही झालं नाही. एवढं मोठं उघडं रान बघून मी बोटांवर हिशेब करायला लागले. खत कुठून आणायचं, कालव्याच्या पाण्याची पाळी कधी मागायची, सुट्ट्या किती शिल्लक आहेत, आणि खळ्यावर सगळ्यांपुढं हिशेब द्यायची वेळ आली तर मी काय तोंड दाखवू, आणि साल फुकट गेलं तर ते सगळे वाटणीला मोकळे, तेही माझ्यामुळं. एका जागी उभं राहवेना.

संध्याकाळी तुझं कुलूप काढलं. चूल पेटवायला तीन वेळा रॉकेल ओतावं लागलं. धुरानं डोळे गेले. भाकरी एका बाजूनं कच्ची आणि एका बाजूनं कोळसा. अशोकची बायको दारातून डोकावली, बघून हसली आणि कालवण ठेवून गेली. चुलीमागं तुझं खुरपं सापडलं. धार लावलेलं होतं.

आता एकच गोष्ट ठरायची आहे. तात्या शाळू म्हणतात. अशोक ऊस म्हणतो, पाणी आलं की त्याला दुसरं काही दिसत नाही. सगळे माझ्याकडं बघतात, कारण चूल माझ्या हाती आहे. मला शेतीतलं कळतं ते तुझ्या मागं खुरपायला गेले तेवढंच. तरी मी ठरवलं आहे.

मी म्हणते करडई.

आता तू नाही म्हण, आत्या.